रबाळ्यातल्या गाळ्यात कोणतं मशीन? फ्लेम, फर्नेस, आयसीपी आणि बाकीची मंडळी

आमच्या जुन्या लॅबमधल्या एका ज्युनियरचा मध्यंतरी फोन आला. रबाळे एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतलाय, पाण्या-मातीतल्या जड धातूंची तपासणी सुरू करायचीय आणि हातात दोन कोटेशनं आहेत. एक फ्लेम एएएसचं (ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन, ज्योतीतले अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून धातू मोजणारं), दुसरं आयसीपी-एमएसचं (प्लाझ्मात तापवून अणू वजनाने मोजणारं, बरंच महाग). "सर, कर्ज काढतोच आहे, तर एकदाच मोठं घेऊन टाकू का?" मी उलट विचारलं, सॅम्पल कसली येणार? म्हणाला, सगळीच. हे उत्तर ऐकलं की समजायचं, पठ्ठ्या अजून एकाही गिऱ्हाइकाच्या दारात गेलेला नाही.

त्याला जे फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं तेच इथे जरा सलग लिहितो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात लॅब टाकणाऱ्या कुणालाही हाच प्रश्न पडतो, आणि मशीन विकणारे त्याचं उत्तर नेहमी स्वतःच्या कॅटलॉगमधून देतात.

कॅटलॉगमध्ये मशीन किती कमी मोजू शकतं ते मोठ्या अक्षरात असतं. तुम्हाला किती कमी मोजायची गरज आहे, हे मात्र सरकारी तक्त्यात असतं. तो आधी काढा. नदी-नाल्यात सोडायच्या कारखान्याच्या सांडपाण्याला पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत: निकेल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर, तांबं ३, जस्त ५, एकूण क्रोमियम २, शिसं ०.१. आता पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, २०१२ उघडा: शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२, पारा ०.००१. शिसं दोन्हीकडे तेच, पण मर्यादेत दहापट फरक. निकेलमध्ये तर दीडशेपट. त्यामुळे 'निकेल करता का?' या प्रश्नाला 'हो' म्हणण्याआधी, कशातलं, ते विचारायचं. आमच्याकडे एक साधा नियम होता: जी मर्यादा तपासायची, तिच्या एक दशांशापर्यंत मशीनने खात्रीने आकडा द्यायला हवा. अगदीच अडलं तर एक तृतीयांश. त्याच्या वर गेलात की तुमचा रिपोर्ट म्हणजे अंदाज.

या नियमाने पाहिलं तर तुर्भे, महापे, रबाळे भागातल्या ईटीपीच्या (कारखान्यातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) सांडपाण्याला, शिसं सोडलं तर, फ्लेम एएएस पुरून उरतं. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी मांडलेली ही पद्धत. हवा आणि ॲसिटिलीनची साधारण २,३०० अंशांची ज्योत, समोर एकेका धातूचा दिवा, आणि ज्योतीतल्या अणूंनी किती प्रकाश शोषला त्याचं मोजमाप. शिकायला सोपी, बिघडली तर निम्मी दुरुस्ती नेब्युलायझर, म्हणजे सॅम्पलचा फवारा करणारा भाग, साफ करण्यात असते. क्रोमियमला ज्योत जरा पिवळी, म्हणजे ॲसिटिलीन जास्त, ठेवावी लागते. ॲल्युमिनियमसाठी नायट्रस ऑक्साइडची जास्त गरम ज्योत आणि वेगळा बर्नर लागतो. ॲसिटिलीनच्या लाइनला तांब्याचा पाइप कधीही नाही, आणि सिलिंडरचा दाब ७ किलोच्या आसपास आला की बदलायचं, नाहीतर आतलं ॲसिटोन ज्योतीत येऊन आकडे नाचायला लागतात.

फ्लेमची अडचण दुसरीकडे आहे. एका वेळी एकच धातू. चाळीस सॅम्पल आणि आठ धातू म्हणजे ३२० वाचनं, आठदा दिवा, आठदा स्टँडर्डचा (माहीत प्रमाणाच्या द्रावणांचा) ग्राफ. आणि पिण्याच्या पाण्यातल्या शिशाला ती चालत नाही. १० पीपीबीच्या (लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे वरचंच ०.०१ मिलिग्रॅम) मर्यादेजवळ फ्लेमला शिसं जेमतेम दिसतं. 'नॉट डिटेक्टेड' लिहून सुटता येतं, पण ते खोटं नसलं तरी प्रामाणिकही नाही.

तिथे ग्रॅफाइट फर्नेस. ज्योतीऐवजी बोटाच्या पेराएवढी ग्रॅफाइटची नळी, तिच्यात १०-२० मायक्रोलिटर थेंब, आधी सुकवायचा, मग जाळायचा, मग एका झटक्यात दोन-सव्वादोन हजार अंशांवर न्यायचा. शिसं, कॅडमियम पीपीबीच्या खाली आरामात. शिवाय फ्लेमच्याच मशीनला जोडता येतो, म्हणून छोट्या लॅबला परवडतो. पण वेळ! एका फायरिंगला दोन-तीन मिनिटं, प्रत्येक सॅम्पल दोनदा. चाळीस सॅम्पलचं एकटं शिसं करायला स्टँडर्ड सोडून चार तास. नळी काहीशे फायरिंगनंतर बदलावी लागते. आणि मॅट्रिक्स मॉडिफायर, म्हणजे धातूला नळीत धरून ठेवणारं पॅलेडियम-मॅग्नेशियम किंवा अमोनियम फॉस्फेट, विसरलात तर जाळण्याच्या पायरीतच कॅडमियम धुराबरोबर निघून जातं. मी स्वतः एकदा विसरलोय. संध्याकाळी सगळी सॅम्पल 'शुद्ध' निघाली तेव्हा लक्षात आलं.

आयसीपी-ओईएस हा मधला आणि माझ्या मते या पट्ट्यात सगळ्यात कमी कौतुक झालेला पर्याय. आर्गनचा प्लाझ्मा, तापमान ६,००० ते १०,००० केल्विन, त्यात धातू स्वतः प्रकाश देतात, आणि वीस-पंचवीस धातू दोन-तीन मिनिटांत एकाच वेळी वाचले जातात. तीच चाळीस सॅम्पल दोन तासांत हातावेगळी. माती, गाळ, सीईटीपीचा (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) स्लज, सांडपाणी, सगळं पचवतं. मीठ आणि लोखंड असलेल्या सॅम्पलला एमएसइतकं घाबरत नाही. मात्र रेषांचे गोंधळ सांभाळायला माणूस हवा. कॅडमियमच्या २२८.८०२ नॅनोमीटरच्या रेषेला आर्सेनिकची रेषा चिकटून आहे. मातीत आर्सेनिक असलं की कॅडमियम फुकटात वाढतं. पिण्याच्या पाण्यातल्या शिशा-आर्सेनिकला ओईएस काठावर पास, पाऱ्याला सरळ नापास.

आता आयसीपी-एमएस, ज्याच्यासाठी माझा ज्युनियर कर्ज काढणार होता. पहिली व्यावसायिक यंत्रं १९८३ ची. अणू वजनाने मोजले जातात, त्यामुळे पीपीबीच्या हजाराव्या भागापर्यंत पोहोच. पिण्याच्या पाण्याचे सगळे धातू एकाच फेरीत, मर्यादेच्या खूप खाली. औषध कंपन्यांचं क्यू३डीचं (औषधांतल्या धातूंच्या अशुद्धींच्या आंतरराष्ट्रीय निकषाचं) काम मिळणार असेल तर बहुतेक वेळा हेच लागतं. पण आर्गन मिनिटाला पंधरा-अठरा लिटर. ७ घनमीटरचं सिलिंडर म्हणजे सात हजार लिटर. भागाकार करा, साधारण सात तास. रोज एक सिलिंडर, सॅम्पल दहा असोत की सत्तर. (हे गणित ओईएसलाही जवळपास तसंच लागू आहे, म्हणून प्लाझ्मा पेटवायचा तर दिवसभराचं काम साठवून पेटवायचा.) एमएसचा व्हॅक्यूम पंप तर चोवीस तास चालू. दुपारी वीज गेली आणि यूपीएस दगा देऊन गेलं, की व्हॅक्यूम पुन्हा बसेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.

आणि खाडी. ठाणे खाडीच्या पाण्याची सॅम्पल आमच्याकडे अधूनमधून यायची. फ्लेमिंगो अभयारण्य झालं २०१५ मध्ये, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आलं, आणि प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांची वर्दळ वाढली. अशाच एका खेपेला आर्सेनिक १४ पीपीबी आलं. समुद्राच्या पाण्यात ते दीड-दोनच्या आसपास असतं. गिऱ्हाईक खूश, कारण त्याला बातमी हवी होती. मी नाही. आर्गन ४० आणि क्लोरीन ३५, दोघं प्लाझ्मात जोडी जमवतात आणि वजन होतं ७५, नेमकं आर्सेनिकचं. खाऱ्या पाण्यात क्लोराइडला काय तोटा? अशा जोड्या वेगळ्या काढणाऱ्या हेलियमच्या कोलिजन सेलमध्ये पुन्हा चालवलं तेव्हा आकडा दोनच्या खाली आला. शिवाय विरघळलेले क्षार ०.२ टक्क्यांच्या वर गेले की प्लाझ्मातून आत घेणाऱ्या कोनवर, म्हणजे बारीक भोकाच्या शंकूवर, मिठाची पापडी धरते. भरतीचं खाडीचं पाणी म्हणजे तीन टक्क्यांच्या पुढे, म्हणून वीसपट पातळ करायचं, आणि वीसपट पातळ केल्यावर एमएसचा अर्धा फायदा तिथेच संपतो. थोडक्यात, सगळ्यात महाग मशीन आपल्या दारातल्या पाण्यालाच सगळ्यात जास्त घाबरतं.

पाऱ्याचं खातं वेगळंच ठेवा. कोल्ड व्हेपर: स्टॅनस क्लोराइडने पारा मोकळा करायचा आणि ज्योतीशिवाय २५३.७ नॅनोमीटरवर मोजायचा. एएएसला जोडायचं छोटंसं उपकरण, आणि आयएस १०५०० च्या १ पीपीबीला पुरतं. कॉस्टिक सोड्याच्या जुन्या पारा-सेल कारखान्यांमुळे उल्हास खाडीच्या गाळात पारा असल्याचे अभ्यास झालेले आहेत, त्यामुळे कल्याणकडची कामं घेणार असाल तर हे नसणं परवडणार नाही.

क्रोमियम सहा, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, यातल्या कुठल्याच मशीनवर थेट होत नाही, कारण ही सगळी मशीनं एकूण क्रोमियम सांगतात. त्याला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, डायफिनाइल कार्बाझाइड, ५४० नॅनोमीटरवरचा जांभळा रंग. सॅम्पल आणणाऱ्या मुलाला बजावून ठेवा की या बाटलीत नायट्रिक टाकायचं नाही. बाकी सगळ्यांत टाकायचं.

हातात धरायचं एक्सआरएफ, म्हणजे एक्स-रे मारून मातीतले धातू जागच्या जागी मोजणारं यंत्र, घ्यावं का? मातीचा प्लॉट घेणाऱ्या बिल्डरला अर्ध्या तासात नकाशा द्यायचा असेल तर जरूर. डायजेशन (सॅम्पल ॲसिडात उकळून विरघळवणं) नाही, ॲसिड नाही. पण शिशाची आणि आर्सेनिकची मुख्य रेषा जवळजवळ एकाच जागी, १०.५५ आणि १०.५४ केईव्हीवर, शिसं भरपूर असलेल्या मातीतलं आर्सेनिक त्याच्यावर विश्वास ठेवून लिहू नका. ओली माती चालत नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते कपाटातच. आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: एक्सआरएफ दगडातला धातूही मोजतं, ॲसिड डायजेशन फक्त सुटलेला. आपली माती दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेली. तिच्यात तांबं मुळातच शंभर पीपीएमच्या (किलोला शंभर मिलिग्रॅमच्या) आसपास सहज असतं. येऊरच्या डोंगरातली माती आणून तपासा, 'प्रदूषित' निघेल.

हवेच्या फिल्टरला मात्र लोक उगाच घाबरतात. हाय व्हॉल्यूम सॅम्पलर मिनिटाला १.१ घनमीटर ओढतो, चोवीस तासांत सुमारे १,६०० घनमीटर. शिशाची चोवीस तासांची मर्यादा १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे मर्यादेवर फिल्टरमध्ये १,६०० मायक्रोग्रॅम. १०० मिलिलिटरमध्ये उतरवलं तर १६ मिलिग्रॅम प्रति लिटर. फ्लेमला हा डोंगर आहे. आर्सेनिकची वार्षिक मर्यादा ६ नॅनोग्रॅम. तसंच गणित केलं तर ९६ पीपीबी, म्हणजे फर्नेस किंवा हायड्राइड (आर्सेनिकचा वायू करून मोजायची जोडणी).

ज्युनियरने शेवटी फ्लेम घेतलं, सोबत फर्नेस आणि पाऱ्या-आर्सेनिकसाठी व्हेपरचं युनिट. पिण्याच्या पाण्याचं पूर्ण पॅकेज आलं तर एमएस असलेल्या, एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) स्कोपमध्ये तो धातू आणि ती पद्धत असलेल्या लॅबकडे पाठवायचं ठरलं. दिवसाला तीसच्या वर सॅम्पल सलग वर्षभर आली तर ओईएस. त्यासाठी गाळ्याचा एक कोपरा आणि एक्झॉस्टची वाट रिकामी ठेवून घेतलीय. खाडीच्या वाऱ्याने आणि ॲसिडच्या वाफेने पत्र्याचा फ्यूम हूड दोन पावसाळ्यांत गंजतो आणि ती लाल भुकटी थेट सॅम्पलमध्ये पडते, म्हणून हूड पॉलिप्रॉपिलीनचा घ्यायला लावला. त्यावर तो कुरकुरला, मशीनवर नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज: "सर, सगळं नवं आहे, तरी ब्लँकमध्ये (सॅम्पलच नसलेल्या द्रावणात) जस्त ४० पीपीबी." मी विचारलं, हातमोजे कुठले? म्हणाला, पावडरवाले.