जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी: सोबत गेलेलीचा अभिप्राय

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. आतली माणसं भली आहेत आणि मी ज्यावर बोट ठेवणार आहे ते बहुतेक त्यांच्या हातातलं नाही. पश्चिम विदर्भातलं जिल्ह्याचं ठिकाण, एवढं पुरे. पेशंट माझी धाकटी जाऊ. "नाव नका टाकू ताई, बाकी काय लिहायचं ते लिहा," असं तिनंच सांगितलंय.

अभिप्राय ओपीडीच्या दारापासून सुरू केला तर अर्धाच होईल, म्हणून आधी दारापर्यंतचं. "मला उदास वाटतं" असं जाऊ कधीच म्हणाली नाही. कपाळ दुखतं, छातीत जळजळतं, हातापायांत त्राण नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो तो लागत नाही. मग पित्ताच्या गोळ्या, सलाईन, बी-ट्वेल्वची इंजेक्शनं, सोनोग्राफी. सगळा पावसाळा यात गेला. खर्चाचा हिशेब दीर मांडत बसले, पण ती सकाळी उठून चूल पेटवायची म्हणून आजारी कुणालाच वाटली नाही.

मध्ये एकदा आशाताई प्रश्नावली घेऊन येऊन गेल्या होत्या. २०१५ पासून आमच्याकडे शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्यातली. प्रश्न अंगणात विचारले, सासूबाई बाजेवर, दीर दारात. "झोप लागते का?" याचं उत्तर दिरांनी दिलं. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, इतरांइतकीच सर्वेक्षणं मीही पायपीट करून केलीत, त्यामुळे आशाताईंना नावं ठेवणार नाही. अंगणात मिळतं ते उत्तर घराचं असतं, बाईचं नसतं. वेगळ्या तऱ्हेनंही करता येतं: अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी घरोघरी या आजाराची ओळख करून दिली, उपचार गावाजवळ आणले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. एरवी आपल्या देशात काय चालतं ते २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आहे: नैराश्याचे शंभरातले सुमारे ८५ रुग्ण उपचाराविना.

आमच्या घरी गाडी हलली ती एका चिठ्ठीमुळे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नवीन आलेल्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि तिलाच विचारलं, "शेवटचं मनापासून हसल्या कधी?" ती रडायला लागली. त्यांनी जिल्ह्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. त्याआधी मी 'मानसोपचार' म्हटलं तेव्हा सासूबाई कडाडल्या होत्या, "काऊन, पागल झाली का ते? नागपूरच्या पागलखान्यात टाकता का तिले? उद्या पोरीले कोन करीन?" चिठ्ठीवर सरकारी शिक्का दिसल्यावर त्याच म्हणाल्या, "डॉक्टरनं धाडलं तर जा लागीन."

तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जिल्ह्याचं मानसोपचार पथक ठरलेल्या दिवशी येतं. तिथे जायला जाऊ तयार नव्हती. औषधाच्या खिडकीवरचा माणूस तिच्या माहेरचा. सेवा दाराशी आणली म्हणून कौतुक होतं ते ठीक, पण आपल्या माणसांत हा आजार दाखवायला लोक लांबची एसटी पकडतात. तिकीट निम्मं, ते बरं. वेचणीचा दिवस बुडतो तो मात्र कुणी भरून देत नाही.

आता ओपीडी. केसपेपरला पैसे लागत नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. खिडकीवरचा मुलगा मात्र "कशासाठी?" असं मोठ्यानं विचारतो आणि उत्तरही मोठ्यानं द्यावं लागतं. खोली मागच्या बाजूला, व्यसनमुक्ती कक्षाला लागून. बाकं दोन. दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी तर उभं राहायला जागा नसते. शिपाई दारातून नाव, आडनाव, गाव असं सगळं पुकारतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तो या व्हरांड्यात अजून पोचायचाय. आमच्यापुढचा एक तरुण स्वतःचं नाव ऐकून उठला आणि सरळ जिना उतरून गेला. टोकन नंबर पुकारायला किती खर्च येतो?

डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं दिली. माणूस घाईत, पण उर्मट नाही. गर्दी पाहता तक्रार नाही. खरी किंमत आहे ती शेजारच्या खोलीतल्या समुपदेशक मॅडमची. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर दिरांना आणि मलाही बाहेर बसवलं. जाऊनं नंतर सांगितलं ते असं: गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, सावकाश, आणि शेवटचा थेट, मरणाचे विचार येतात का. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट ती म्हणाली, "कोनी तरी विचारलं एकदाचं."

मग आम्हाला आत बोलावून मॅडमनी गोळ्यांबद्दल सांगितलं. या झोपेच्या गोळ्या नाहीत, व्यसन लागत नाही. सुरुवातीचे काही दिवस मळमळेल. फरक दोन ते चार आठवड्यांनी दिसेल. बरं वाटलं तरी कित्येक महिने घ्याव्या लागतील आणि मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. हे सगळं त्यांनी दिरांकडून वदवून घेतलं, पोरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं. मला हे फार पटलं, कारण पहिली फेरी माणूस नाइलाजानं मारतो. खरी गळती दुसऱ्या फेरीच्या आधी होते. तिला मळमळलंच. शेजारीण लगेच हजर, "उष्णता झाली, फेकून दे गोळ्या." मॅडमनी लिहून दिलेला १४४१६, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, आम्ही रात्री लावला. मराठी निवडता येतं, पैसे पडत नाहीत. तिकडच्या बाईंनी गोळी जेवणानंतर घेऊन पाहा आणि न थांबवता डॉक्टरांना कळवा, असं शांतपणे सांगितलं. दुसरी फेरी झाली ती यामुळे.

औषधाच्या खिडकीला मी कमी गुण देईन. गोळ्या मिळतात, पण पट्टी कात्रीनं कापून देतात तेव्हा नाव कधी कधी अर्धंच उरतं. एका फेरीत एक गोळी बाहेरून घ्यावी लागली. आणि खाजगीत? शहरात दोन दवाखाने आहेत, खुर्च्या मऊ आणि नाव हळू आवाजात घेतात. दर महिन्याची फी आम्हाला झेपली नसती, म्हणून तुलना करत नाही.

जाऊ आता पहाटे उठून बसत नाही. सासूबाई शेजारणीला "डोकेदुखीचा डॉक्टर" सांगतात, सांगू देत. परवा त्यांनीच चुलत सासऱ्यांसाठी "तो कागद कुठं मिलते?" असं विचारलं.

जाणार असाल तर: दिव्यांग बोर्डाचा दिवस आधी फोन करून विचारा आणि तो टाळा. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा. गोळ्यांचं नाव केसपेपरवर ठळक लिहून मागा, मॅडम देतात. त्यांची खोली डॉक्टरांच्या खोलीतून आत आहे, बाहेर पाटी नाही. तुम्ही स्वतःहून विचारलं नाही तर गर्दीच्या दिवशी नुसत्या गोळ्या घेऊन परत येणं होईल. औषधाची खिडकी दुपारी बंद होते, म्हणून पहिल्या एसटीनं निघा.