नऊ फुटी लाँगबोर्ड की सहा फुटी शॉर्टबोर्ड? आश्वेच्या लाटांवरचा चार वर्षांचा अनुभव

गेली चार वर्षे माझ्याकडे दोन सर्फबोर्ड आहेत. पहिला 9 फूट 1 इंच लांब, पावणेतेवीस इंच रुंद आणि 3 इंच जाड असून त्याचे आकारमान सुमारे 70 लिटर भरते. दुसरा 6 फूट 2 इंच लांब आणि 19 इंच रुंद असून त्याची जाडी अडीच इंचांहून थोडी कमी, तर आकारमान जेमतेम 29 लिटर आहे. दोन्ही मी स्वतःच्या पैशांनी, वापरलेल्या स्थितीत विकत घेतले आणि दोन्हींचा वापर मुख्यतः गोव्याच्या पेडणे तालुक्यातील आश्वे आणि मोरजी या किनाऱ्यांवर केला. माझे वजन 72 किलो आहे. पुढे जे लिहिले आहे ते या वजनाच्या माणसाचे आणि या किनाऱ्यांवरचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

लिहायला निमित्त झाले ते माझ्या भाचीचे. ती दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आली, तेव्हा तिने 2024 च्या ऑलिंपिकमधील ताहितीच्या तेआहुपोओ येथील सर्फिंग पाहिले होते आणि तिचा निर्णय झालेला होता. “मामा, मला लहानच बोर्ड घ्यायचाय. मोठा काय, शिकाऊ लोकांचा असतो,” असे ती म्हणाली. हा समज तिच्या एकटीचा नाही. किनाऱ्यावर भेटणाऱ्या बहुतेक तरुणांचा तो असतो आणि काही वर्षांपूर्वी माझाही होता. लाँगबोर्ड ही पहिली पायरी, ती ओलांडली की शॉर्टबोर्ड, असा जिना मनात बांधून आपण दुकानात जातो. बोर्डाची निवड मात्र कौशल्याच्या पायऱ्यांपेक्षा समोरच्या लाटेवर कितीतरी अधिक अवलंबून असते.

तेआहुपोओची लाट खोल समुद्रातून थेट प्रवाळाच्या उथळ कड्यावर आदळते. तळ एकाएकी वर आल्यामुळे लाटेचा पायथा अडखळतो, माथा पुढे झेपावतो आणि पाण्याची पोकळ नळी तयार होते. आश्वेला तळ वाळूचा आहे आणि त्याचा उतार इतका मंद आहे की ओहोटीला माणूस बराच आत चालत जाऊ शकतो. अशा तळावर लाट हळूहळू थकत येते, तिच्या माथ्यावरचा फेस उतारावरून ओघळत खाली येतो आणि तिचा जोर लांबवर पसरून विरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बहुतेक सकाळी लाट गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी असते. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असताना ती काचेसारखी गुळगुळीत असते; दहा-अकरा वाजता खारे वारे सुरू झाले की तीच लाट विस्कटते. आपल्याला मिळतात त्या लाटा या. यांच्यासाठी कोणता बोर्ड, एवढाच खरा प्रश्न आहे.

सुमारे 60 सेंटिमीटर उंचीची लाट साधारण 80 सेंटिमीटर पाण्यात फुटते आणि तिथे तिचा वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास असतो. हाताने वल्हवणाऱ्या माणसाचा वेग याच्या निम्म्याला पोहोचतानाही दमछाक होते, त्यामुळे उरलेला वेग लाटेच्या उतारानेच द्यावा लागतो. उभ्या, दमदार लाटेचा उतार एवढा असतो की आखूड बोर्डही घसरू लागतो. मंद लाट फुटण्याच्या अगदी शेवटच्या क्षणापर्यंत जवळजवळ सपाटच असते. लांब बोर्ड पाण्यावर तरंगत राहतो, एका हातवल्ह्यानंतर बराच पुढे सरकतो आणि लाट फुटण्यापूर्वी दहा-बारा फूट आधीच तिच्यावर स्वार होतो. आखूड बोर्ड त्या वेळी अजून पाण्यात रुतलेला असतो.

रुतलेला हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. लाटांची वाट पाहत 29 लिटरच्या बोर्डावर बसलो की पाणी माझ्या बरगड्यांपर्यंत येते आणि बोर्ड मांड्यांमध्ये, पूर्ण पाण्याखाली असतो. नऊ फुटीवर बसलो तर पाणी मांडीच्या वर क्वचितच चढते. दोन तासांच्या फेरीत या फरकाचा शरीरावर होणारा परिणाम फार मोठा असतो. लहान बोर्डावरून परतताना खांदे भरून आलेले असतात आणि पकडलेल्या लाटा हाताच्या बोटांवर मोजता येतात.

भाचीला मी दोन सकाळी शॉर्टबोर्डच दिला, कारण सांगून पटले नसते. तिचे वजन 54 किलो, पोहणे उत्तम, धीरही भरपूर; तरीही त्या दोन दिवसांत तिला एकही हिरवी लाट, म्हणजे फुटण्यापूर्वीची अखंड लाट, मिळाली नाही. प्रत्येक लाट तिच्याखालून निघून जायची आणि ती मागे वळून पाहायची. तिसऱ्या दिवशी तिने माझा नऊ फुटी घेतला. तिसऱ्याच लाटेला ती गुडघ्यांवर आली आणि पाचव्या लाटेला उभी राहिली. लाट संपून बोर्ड वाळूला टेकत आला तरी तिला उतरण्याचे भान नव्हते. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून मला शॉर्टबोर्डवर घालवलेल्या माझ्या पहिल्या वर्षाची मनापासून हळहळ वाटली.

आखूड बोर्ड का जन्माला आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंग यांनी सॅन डिएगो येथील जागतिक स्पर्धा जिंकली, ती 9 फूट 4 इंचांच्या बोर्डावर. पुढच्या दोन-तीन वर्षांत बोर्डांची लांबी झपाट्याने घटली, कारण ऑस्ट्रेलिया आणि हवाईच्या ताकदवान लाटांवर सर्फरांना लाटेच्या उभ्या भिंतीवर वर-खाली फिरायचे होते. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच सायमन अँडरसन यांनी तळाला तीन फिन, म्हणजे माशाच्या परासारखे पंख, असलेल्या ‘थ्रस्टर’ बोर्डावर ऑस्ट्रेलियातील बेल्स बीचची स्पर्धा जिंकली आणि आजच्या शॉर्टबोर्डाची घडण पक्की झाली. माझा सहा फुटी बोर्ड त्याच घराण्यातला आहे. म्हणजे हे साधन विशिष्ट लाटांच्या गरजेतून घडले. हवाईतील वायकीकीसारख्या संथ, लांब लाटांवर मात्र लाँगबोर्ड कधी मागे पडलाच नाही, आणि आश्वेची लाट आकाराने लहान असली तरी स्वभावाने वायकीकीच्या जवळची आहे.

नऊ फुटीचे खरे सुख लाट मिळाल्यानंतर कळते. त्याला मागे एक मोठी, साडेनऊ इंचांची फिन आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन छोट्या. बोर्ड लाटेच्या कडेकडेने सरळ रेषेत धरून ठेवण्याचे काम ती मोठी फिन करते. लाट मंदावू लागली की पावलावर पाऊल ओलांडून पुढे चालत जायचे. वजन पुढे गेले की बोर्डाचा तळ सपाट होतो आणि विझत चाललेली लाटही आणखी वीस-तीस फूट नेते. लाट पुन्हा उभी राहू लागली की मागे चालत यायचे. त्या चालण्यात पायाखालच्या वॅक्सचा खरखरीत स्पर्श, कडेखालून जाणाऱ्या पाण्याचा बारीक सळसळाट आणि बाजूला पारदर्शक होत जाणारी लाट, एवढेच भान उरते. यात शिकण्यासारखे इतके आहे की चार वर्षांनंतरही बोर्डाच्या टोकापर्यंत मी दहातून दोनदाच पोहोचतो. लाँगबोर्ड फक्त शिकाऊ लोकांसाठी असतो, असे म्हणणाऱ्याने त्यावर एकदा चालून पाहावे. मुंबईत वाढलेल्या इशिता मालवीय भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखल्या जातात. कर्नाटकातील कोडी बेंग्रेच्या किनाऱ्यावर त्या सर्फिंग शिकवत आल्या आहेत, आणि त्याही लाँगबोर्डवर रमतात, हे मी भाचीला आवर्जून सांगितले.

आता शॉर्टबोर्डची बाजू. ती कमकुवत नाही, फक्त तिचे दिवस थोडे आहेत. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये, तसेच एप्रिल-मेमध्ये, दक्षिणेकडच्या दूरच्या वादळांनी उठवलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा आपल्या किनाऱ्यावर येतात. असे दिवस असले की छातीएवढी, क्वचित खांद्याएवढी लाट उभी राहते. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका पहाटे मी सहा फुटी घेऊन उतरलो. पहिल्या लाटेवर उभा राहिलो, खाली उतरलो, मागच्या पायावर भार दिला आणि बोर्ड टाचेच्या इशाऱ्यावर वळून पुन्हा लाटेच्या माथ्याकडे झेपावला. नऊ फुटीला असे वळवायचे म्हणजे बैलगाडी अरुंद बोळात वळवण्यासारखे असते. त्या सकाळी मला चार लाटा मिळाल्या आणि चारही आजपर्यंत आठवतात.

त्याच सकाळी नऊ फुटी नेला असता, तर आत पोहोचणेच अवघड झाले असते. आखूड बोर्ड नाकाकडून दाबून फुटणाऱ्या लाटेखालून बदकासारखी बुडी मारता येते. 70 लिटरचा बोर्ड असा बुडत नाही. त्याला घट्ट धरून स्वतःच उलटे व्हावे लागते, लाट वरून जाऊ द्यावी लागते आणि मग पुन्हा सरळ व्हावे लागते. एकामागून एक फेसाळ लाटांच्या चार-पाच रांगा असतील, तर माणूस निम्मा वेळ मागे ढकलला जातो.

लाँगबोर्डचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पायाला बांधलेली दोरी, म्हणजे लीश, साधारण बोर्डाएवढीच लांब असते, म्हणजे पडल्यावर बोर्ड आपल्याभोवती जवळपास 18 फुटांच्या टप्प्यात कुणालाही लागू शकतो. माझा बोर्ड एकदा फेसाबरोबर घसरत उथळ पाण्यात खेळणाऱ्या एका मुलापासून हातभर अंतरावर थांबला. त्याला काही झाले नाही, पण त्या दिवसापासून आंघोळीला लोक उतरतात त्या भागात मी लाँगबोर्ड नेत नाही आणि रापणीची होडी किनाऱ्याला लागत असताना तर पाण्यातच राहत नाही. ज्यांना गर्दीच्याच किनाऱ्यावर सराव करायचा आहे, त्यांनी पहिल्या वर्षी वरून मऊ फोम असलेला बोर्डच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

मोठ्या फिनमुळे एक नुकसानही झाले. उधाणाच्या दिवसांत ओहोटी फार खाली जाते. अशाच एका सकाळी फिन वाळूच्या बांधाला अडकली आणि तिची खाच बोर्डातून तडकली. जवळच्या खाडीवर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे मी बोर्ड दिला. त्याचे हात कसबी होते, मात्र होड्यांना लागते ते पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबर चिकटवणारी एक प्रकारची राळ, त्याने वापरले. माझा बोर्ड इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनचा, आतला गाभा थर्मोकोलच्या जातीचा; त्या रेझिनमधील द्रावक तो गाभा विरघळवतो. संध्याकाळी पाहिले तेव्हा तड्याच्या जागी मुठीएवढी पोकळी झाली होती आणि कडेचे पांढरे मणी साखरेच्या पाकासारखे ओघळले होते. कोणते रेझिन लागते हे सांगणे माझे काम होते आणि मी ते सांगितले नव्हते. पोकळी कापून, नवा फोम भरून आणि इपॉक्सी लावून बोर्ड पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. त्यामुळे बोर्ड कोणत्याही लांबीचा असो, तो पॉलियुरेथेन फोमचा आहे की इपॉक्सीचा, हे त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. इपॉक्सीचा बोर्ड उन्हात बंद गाडीत ठेवू नये. आतली हवा फुगून वरचा थर सुटतो.

वाहतुकीबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. सहा फुटी रिक्षातही तिरका बसतो, नऊ फुटीला गाडीचे छप्पर लागते आणि विमानाने न्यायचा असेल तर लांबीची मर्यादा तिकीट काढण्यापूर्वीच विचारावी लागते.

मधला मार्ग म्हणून सात ते साडेसात फुटांचा बोर्ड सुचवला जातो. मित्राचा तसा बोर्ड मी एक महिना वापरला. कमरेएवढ्या लाटेवर तो छान चालतो. गुडघ्याएवढ्या लाटेवर मात्र तो नऊ फुटीइतका लवकर लाट धरत नाही आणि त्यावर पुढे चालत जाण्याइतकी जागाही नसते. आपल्याकडे गुडघ्याएवढ्या लाटांचेच दिवस जास्त, म्हणून माझे मन त्यावर बसले नाही. चेन्नईजवळच्या कोवलमला किंवा महाबलिपुरमला राहणाऱ्याने मात्र त्याचा अवश्य विचार करावा.

भाचीसाठी आम्ही शेवटी साडेआठ फुटांचा, 58 लिटरचा, वरून मऊ फोमचा बोर्ड ठरवला. तिचे वजन माझ्याहून 18 किलोंनी कमी असल्याने नऊ फुटीची तिला गरज नाही, शिवाय हा साडेआठ फुटी काखेत मावून तिला एकटीला वाळूवरून नेता येतो. हंगाम संपताना परत जाणारे परदेशी पाहुणे बोर्ड विकतात, तेव्हा तो घ्यायचे ठरले आहे. कडक बोर्ड (मऊ फोमचा नव्हे) विकत घेताना दोन्ही अंगठ्यांनी वरचा पृष्ठभाग दाबून पाहावा; कुठे तो मऊ होऊन दबत असेल, तर थर सुटलेला आहे. फिनच्या खाचेभोवती केसासारख्या चिरा आहेत का ते उन्हात धरून बघावे. बोर्ड उचलल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागला, तर आत पाणी शिरलेले असते आणि तो कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. माझा सहा फुटी मी विकलेला नाही. तो चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे आणि एप्रिल लागला की पहिल्या उंच लाटांसाठी खाली काढणार आहे.