सॅफएल यूएस-०५: अमेरिकन एलसाठी पहिली पसंती, फक्त निवळायला वेळ द्या

घरी अमेरिकन पेल एल (फिकट रंगाची, हॉप्सचा वास असलेली बिअर) करायची तर कोरड्या यीस्टमध्ये फर्मेंटिस कंपनीच्या सॅफएल यूएस-०५ ला आमची पहिली पसंती. ते स्वतःची चव फारशी सोडत नाही, त्यामुळे कॅस्केडसारख्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) लिंबूवर्गीय आणि फुलांचा वास दबत नाही.

११.५ ग्रॅमचं पाकीट २० लिटर वर्टला (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस) पुरतं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता, म्हणजे त्यातल्या साखरेचा अंदाज) १.०६५ च्या वर असेल तर दोन पाकिटं घाला. कोमट पाण्यात भिजवण्याची गरज नाही. थंड केलेल्या वर्टवर हळूहळू, सगळीकडे पसरेल असं भुरभुरवा. एकाच जागी ओतलं तर गुठळ्या होतात.

खरी काळजी तापमानाची. १८ ते २० अंश सेल्सिअसला चव सगळ्यात स्वच्छ येते. १६ च्या खाली गेलं की बऱ्याचदा पीचसारखा वास येतो आणि हॉप्सशी भांडतो. सुरुवातीलाच २४ च्या वर गेलं तर फळांचा वास वाढतो, अल्कोहोल घशाला टोचतं. आंबताना वर्ट खोलीपेक्षा काही अंश गरम असतो, म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, फर्मेंटरला (आंबवण्याच्या भांड्याला) चिकटवा.

हे यीस्ट साखर जवळजवळ ८० टक्के खातं: ग्रॅव्हिटी १.०५० वरून साधारण १.०१० पर्यंत येते. मॅश (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६४-६५ अंशांना केलात तर बिअर पातळ लागेल. अंगात थोडा भरीवपणा हवा असेल तर ६७ ठेवा.

उणीव एकच, पण ठळक: ते तळाशी बसायला वेळ लावतं. फेसाचा थरही वर रेंगाळतो, तो पाहून घाबरू नका. एअरलॉकच्या (गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) बुडबुड्यांवरही विसंबू नका. हायड्रोमीटरचा (ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा सलग तीन दिवस तोच आला, की यीस्ट तळाशी बसावं म्हणून फर्मेंटर २-३ अंश सेल्सिअसवर थंड करून दोन-तीन दिवस ठेवा. मग बाटलीत भरताना बिअरमध्ये गॅस तयार व्हावा म्हणून लिटरमागे ६ ग्रॅम साखर पुरे. आकडा स्थिर होण्याआधी भरलीत तर बाटल्या फुटू शकतात, त्यामुळे इथे घाई अजिबात नको.

त्याच कंपनीचं एस-०४ लवकर निवळतं आणि तळाला घट्ट बसतं, पण त्याचा फळांचा वास इंग्लिश एलला शोभतो. हॉप्सच पुढे हवे असतील तर ते वाचलेले दिवस महागात पडतात.