वर्गात कोणता खेळ घ्यायचा? पहिली ते चौथीसाठी काही खेळ शेजारी शेजारी ठेवून

सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 21 वर्षं शिकवतेय. आधी जतच्या पूर्व भागात होते. तिथली बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. आता कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात आहे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकांचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, "बाई, वर्गात कुठला खेळ घेऊ?" 2024 मध्ये 'आनंददायी शनिवार', म्हणजे शनिवारी शाळेत खेळ-उपक्रम घ्यायची सरकारी योजना, सुरू झाल्यापासून हा फोन हमखास शुक्रवारी दुपारी येतो. मोबाईलवर खेळांच्या याद्या पोत्याने सापडतात आणि यादीतला प्रत्येक खेळ 'मजेशीर' असतो. निवडायचं कसं, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी एकच गोष्ट बघते. एका तासिकेत एका मुलाचा डाव किती वेळा येतो, आणि डाव नसताना ते मूल काय करत असतं? पैसे, साहित्य, रंगीत कागद हे सगळं त्यानंतर. आमची दोन शिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत, मिळून 28 मुलं. खाली जे लिहिलंय ते या खोलीत आणि जतच्या अशाच एका खोलीत खेळून बघितलेलं आहे.

सापशिडी की तांबोळा?

गणिताचा खेळ म्हटला की पहिल्यांदा सापशिडी आठवते. फरशीवर ऑइलपेंटने भलीमोठी सापशिडी रंगवलेल्या शाळाही पुष्कळ आहेत. दिसायला झकास, भेट द्यायला आलेले साहेब खूश. पण हिशेब मांडा. एका डावाला 15 सेकंद धरले तर 35 मिनिटांत 140 डाव होतात. 28 मुलांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला पाच. उरलेला वेळ बाकीची 27 मुलं भोवती उभी राहून ढकलाढकली करतात. तीच सापशिडी पुठ्ठ्यावर काढून चौघांना एक दिली, तर प्रत्येकाला 35 डाव मिळतात. त्यामुळे फरशीवरची सापशिडी मी मधल्या सुट्टीवर सोडून दिली आहे.

पुठ्ठ्यावरच्या सापशिडीतही दोन खाचा आहेत. सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर मुलं 'एक' म्हणून मोजतात. सातवर असलेलं मूल तीन पडले की 'सात-आठ-नऊ' करून नऊवर थांबतं. पहिल्या आठवड्यात एवढीच चूक दुरुस्त करायची, बाकी काही शिकवायचं नाही. दुसरी खाच पटाच्या रचनेतच आहे. आकडे एका ओळीत डावीकडून उजवीकडे जातात आणि पुढच्या ओळीत उलटे फिरतात. म्हणून 14 च्या बरोबर वर 24 येत नाही, 27 येतो. 'दहा मिळवले की एकक तोच राहतो' हे पटावर दिसतच नाही. ते दाखवायचं असेल तर सगळ्या ओळी एकाच दिशेने लिहिलेला शंभराचा तक्ता घ्यावा. मोजणी पक्की करायला सापशिडी चांगली, दशक-एककाला नाही.

आणि आपल्या मुलांची खरी अडचण मोजणीत नसतेच. ती असते 'बावन्न' ऐकून 25 लिहिण्यात. मराठीत आधी एकक बोलतात, मग दशक. लिहिताना मात्र आधी दशक. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गोष्ट विधानसभेपर्यंत गेली. मी तेव्हा जतला होते आणि मनातल्या मनात हसत होते, कारण माझ्या वर्गातली कन्नड मुलं घरी तेच करत होती. कन्नडमध्ये 52 म्हणजे 'ऐवत्तेरडु', आधी पन्नास आणि मग दोन. ती मुलं शाळेत यायची आणि आम्ही त्यांना उलटं बोलायला लावायचो.

या दुखण्यावर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं औषध म्हणजे तांबोळा. हो, भिशीतला आणि कोजागिरीला गच्चीवर चालतो तोच. एका तिकिटावर 3 आडव्या ओळी, 9 उभे रकाने, एकूण 15 आकडे. पहिल्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19, असं करत शेवटच्यात 80 ते 90. म्हणजे रकाना हाच दशक! 'बावन्न' कानावर पडलं की मुलाला पन्नासच्या रकान्यात जावंच लागतं. विशीच्या रकान्यात जाऊन 25 शोधू लागलं, तर त्याची चूक लांबूनही दिसते. 'एकोणपन्नास'ला अर्धा वर्ग पन्नासच्या रकान्यात घुसतो आणि मग डोकं खाजवत एक घर मागे येतो. त्या क्षणी एकोण म्हणजे काय हे मी वेगळं सांगत नाही.

मिनिटाला तीन आकडे पुकारले तर 20 मिनिटांत 60 आकडे होतात आणि प्रत्येक मूल साठही वेळा शोधतं. कुणी उभं राहत नाही, कुणी वाट बघत नाही. तिकिटं मुलंच कोऱ्या कागदावर आखतात. दोन दिवस सरावाचे झाले की पुकारायचं कामही एखाद्या चौथीतल्या मुलीकडे द्यावं, तिला ते फार आवडतं. एक पालक मात्र दारात येऊन म्हणाले होते, "बाई, पोरांस्नी जुगार शिकवताय व्हय?" तेव्हापासून आमच्या वर्गात या खेळाचं नाव 'अंकशोध' आहे आणि बक्षीस म्हणजे टाळ्या.

मग सापशिडी केव्हा? पहिलीत, आणि दिवाळीनंतर. कारखाने पेटले की आमच्याकडे ऊसतोड कामगारांची मुलं येतात आणि हंगाम संपला की जातात. नवीन मुलाला पहिल्याच दिवशी काही न समजावता खेळात घ्यायचं असेल तर सापशिडीला तोड नाही. ती सगळ्यांनाच येत असते.

अंताक्षरी की नाव-गाव-फळ-फूल?

शब्दांची अंताक्षरी तयारीशिवाय सुरू होते, म्हणून ती सगळ्यांची लाडकी. मीही पाऊस पडून वर्गात अंधार झाला की तिचाच आधार घेते. पण नीट ऐका, तेच चार आवाज येत असतात. शिवाय मराठीत तिची गाडी अडते. फळ, बाळ, अंगण, पैंजण असे शब्द मुलांच्या जिभेवर असतात, आणि 'ळ' किंवा 'ण'ने सुरू होणारा शब्द आणायचा कुठून? 'ळ' आला तर 'ल' आणि 'ण' आला तर 'न' असा नियम आधीच सांगून ठेवा, नाहीतर दहा मिनिटं भांडणात जातात.

नाव-गाव-फळ-फूलमध्ये सगळे एकाच वेळी लिहितात. 'ज' पडला की जत, जांभूळ, जास्वंद. 'प' पडला की पलूस, पेरू, पारिजातक. दोघांचं एकच उत्तर आलं तर 5 गुण, वेगळं आलं तर 10. एवढ्या एका नियमामुळे मुलं पहिला सुचलेला शब्द सोडून दुसरा शोधतात, आणि शब्दसंग्रह वाढतो तो तिथे. गटात वाचन सुरू झालं की शुद्धलेखनही आपोआप निघतं. एकाने 'क'चं गाव म्हणून 'कवठेमंकाळ' लिहिलं. आम्ही सगळे बोलतो तसंच. त्याच्या गटाने गुण द्यायला नकार दिला, आणि शेवटी एसटीच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघून यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो 'कवठेमहांकाळ' हातावर लिहून घेऊन आला.

पहिली-दुसरीत मात्र हा खेळ घेऊ नका. लिहिता न येणारं मूल नुसतं शेजारच्या वहीत बघत बसतं. तिथे अंताक्षरीच बरी, पण चार-चारच्या गटात.

'शिवाजी म्हणतो' की नाट्यीकरण?

दुसऱ्या भाषेतून आलेल्या मुलांसाठी 'शिवाजी म्हणतो' बरा, यात मला शंका नाही. मुलाला बोलावं लागत नाही. ऐकायचं आणि करायचं. 'शिवाजी म्हणतो खिडकीमागे लपा, पाटी डोक्यावर ठेवा, मित्राच्या डाव्या बाजूला उभे राहा.' आत, बाहेर, मागे, डावीकडे, शेजारी हे शब्द पुस्तकातून शिकवायला महिना लागतो. जतला मी कधी कधी कन्नडमध्येही हुकूम द्यायची. तिथे 'एळु' म्हणजे 'ऊठ' आणि 'एळु' म्हणजे 'सात'ही. मी 'एळु' म्हटलं की निम्मी मुलं उठायची, निम्मी मुद्दाम सात बोटं दाखवायची.

खोट आहे ती बाद करण्याच्या नियमात. ज्याला भाषा कमी कळते ते मूल सगळ्यात आधी बाद होतं. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तेच भिंतीला टेकून उभं. एकदा दुसरीतल्या एकाने मला सरळ विचारलं होतं, "बाई, मी बाद झालो न्हवं, आता म्या काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी विषामृताचा नियम लावते. चुकला तो जागेवर 'विष' होऊन थांबतो, पण कान उघडे ठेवतो. पुढचा हुकूम बरोबर पाळणाऱ्या कुणीही शिवलं की परत जिवंत. संगीत खुर्चीलाही हाच आक्षेप आहे, आणि तिथे तर शिकण्यासारखंही काही नसतं.

नाट्यीकरण आम्हा शिक्षकांना प्रिय, कारण ते दिसतं. सावित्रीबाईंचा जन्म शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा, तारीख 3 जानेवारी 1831. त्यामुळे जानेवारीत आमच्या भागातल्या शाळाशाळांतून छोट्या सावित्रीबाई लुगडं सावरत चालताना दिसतात. सहा मुलं पाठ केलेलं बोलतात आणि शेण फेकणाऱ्यांच्या भूमिकेसाठी बाकीच्यांत मारामारी होते. कार्यक्रम म्हणून ठीक. पाठ म्हणून मी त्याऐवजी खुर्चीचा खेळ घेते. एक मुलगी सावित्रीबाई होऊन खुर्चीत बसते, बाकीच्यांनी प्रत्येकी एक प्रश्न लिहून आणायचा आणि विचारायचा. दर पाच प्रश्नांनी खुर्चीतली मुलगी किंवा मुलगा बदलतो. "जास्तीचं लुगडं बरोबर का न्यायचा?" "घरातनं भाईर काढल्यावर कुठं ऱ्हायला?" असे प्रश्न येतात. पाठ केलेल्या संवादात असे प्रश्न येत नाहीत. वेशभूषा लागत नाही, आठवडाभर तालीमही नाही. हाच खेळ 7 नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनीही जमतो. 1900 साली त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तेव्हा मुलं बहुतेक करून 'शाळेचा पहिला दिवस' या विषयावरच प्रश्न विचारतात, कारण तो अनुभव त्यांचाही असतो.

बालबाजार की वर्गातलं दुकान?

बालबाजारावर मी एकदा पूर्ण आपटले आहे. मुलांनी भाजी, भडंग, चिंचेच्या गोळ्या आणल्या, गावही लोटलं. संध्याकाळी लक्षात आलं की प्रत्येक गाळ्यामागे एक आई बसून सुट्टे पैसे मोजत होती आणि मूल शेजारी भडंग खात होतं. ज्या दोघांच्या घरी किराणा दुकान होतं, त्यांनीच तेवढा हिशेब केला. वर्षातून एकदा जत्रा म्हणून जरूर भरवा, पण गणिताच्या नावाखाली नको.

वर्गातल्या दुकानात खेळण्यातल्या नोटा, रिकामी पाकिटं आणि किमतीच्या चिठ्ठ्या पुरतात. सहा-सात दुकानं मांडा, दहा मिनिटांनी दुकानदार आणि गिऱ्हाईक बदला. बेदाणे, हळद, गूळ हे इथल्या मुलांच्या घरातलेच विषय आहेत, भाव त्यांनाच ठरवू द्या. 'अडीचशे', 'सव्वाशे', 'पावणेदोन किलो' हे शब्द मुलं घरी रोज ऐकतात, पण अंकात लिहा म्हटलं की चाचपडतात. दुकानात ते चिठ्ठीवर लिहावेच लागतात. गोंगाट होतो, हे खरं. शेजारच्या वर्गात परीक्षा असेल त्या दिवशी हा खेळ टाळावा.

टीव्हीवरची प्रश्नमंजूषा? रिमोट एकाच्या हातात, उत्तर ओरडणारे तिघे. वीज असली तर कधीतरी घ्या.

फक्त दहा मिनिटं असतील तर

तेव्हा चिंचोके. दहा चिंचोके घेऊन त्यांची एक बाजू खरबरीत दगडावर घासून पांढरी करायची. जोडीतल्या एकाने मुठीतून टाकायचे, दुसऱ्याने पांढरे किती आणि काळे किती ते सांगायचं. सात-तीन, सहा-चार, पुन्हा सात-तीन. चार दिवसांत मुलं काळे न मोजताच सांगायला लागतात. मग पाच चिंचोके हाताखाली झाकून 'किती लपलेत?' असं विचारायचं. दहाच्या जोड्या पक्क्या करण्यासाठी महागड्या पेटीतल्या मण्यांपेक्षा मला हेच सोयीचं वाटतं, कारण मुलं ते खिशात घालून घरी नेतात आणि धाकट्या भावंडाला खेळायला लावतात. पहिलीला हा खेळ लावून दिला की शिक्षकाला दुसऱ्या इयत्तेकडे जाता येतं, आणि दोन शिक्षकी शाळेत याची किंमत काय असते ते तिथे शिकवणाऱ्यालाच कळेल.

चिंचोके मात्र मार्च-एप्रिलमध्ये, गावात चिंचा फोडायचं काम चालू असतं तेव्हाच मागून ठेवा आणि चांगले उन्हात वाळवून डब्यात भरा. जूनमध्ये शोधायला गेलात तर बहुतेक किडलेले हाती लागतात.