घर कुठे घ्यायचं यावर बंदी की फिरायचं कुठे यावर?

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेल्यांसाठी दोन प्रकारचे नियम दिसतात आणि आयोवा राज्याने दोन्ही करून बघितलेत. पहिला २००२ चा, गुन्हा लहान मुलांविरुद्ध असेल तर शाळा किंवा पाळणाघरापासून २००० फुटांच्या आत राहायचंच नाही. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण नकाशावर गोल काढत गेलं की गावात जागाच उरत नाही, मग माणूस कुठेतरी गाडीत झोपतो नाहीतर पत्ता न देता गायब होतो, म्हणजे पोलिसांनाच माहीत नाही तो कुठेय! मायामीत तर २५०० फुटांच्या नियमामुळे लोक चक्क पुलाखाली राहत होते. आणि गंमत म्हणजे बंदी फक्त राहण्यावर, दिवसा शाळेसमोर उभं राहिलं तर हा नियम काहीच म्हणत नाही.

दुसरा २००९ चा बदल. २००० फूट फक्त गंभीर गुन्हेवाल्यांना, आणि मुलांविरुद्ध गुन्हा केलेल्या सगळ्यांनाच शाळेच्या आवारात किंवा ३०० फुटांत रेंगाळायला मनाई. मला हाच पटतो, कारण मिनेसोटात २००७ मध्ये पुन्हा गुन्हा केलेल्यांच्या २२४ केसेस तपासल्या, त्यातली एकही घराच्या अंतराच्या नियमाने टळली नसती. बरेचसे आरोपी ओळखीचेच निघतात, त्यांना अंतर काय अडवणार?