अवर वर्ल्ड इन डेटाचं कोविड पेज: मृत्यूंचा हिशोब एक नंबर, भविष्य मात्र विचारू नका

कोविडने जगात नक्की किती माणसं गेली यावर लोक अजूनही भांडतात आणि सर्चमध्ये पहिला जो आकडा दिसेल तो तोंडावर फेकतात, म्हणून म्हटलं अवर वर्ल्ड इन डेटा या आकडेवारीच्या वेबसाइटच्या कोविड पेजचा हा रिव्ह्यू लिहूनच टाकावा.

आधी सगळे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा तो काळा नकाशा आणि लाल ठिपके बघत बसायचो. तिथल्या प्राध्यापक लॉरेन गार्डनर आणि त्यांच्या टीमने तो 22 जानेवारी 2020 ला चालू केला आणि 10 मार्च 2023 ला अपडेट करणं थांबवलं. मृत्यूंचा शेवटचा आकडा साधारण 68 लाख 80 हजार, तो तिथेच थांबलाय, तेव्हा कोणी तो स्क्रीनशॉट 'आजचा आकडा' म्हणून फॉरवर्ड केला तर सोडून द्या. अवर वर्ल्ड इन डेटा पण आधी त्यांचाच डेटा घ्यायचं, मार्च 2023 पासून जागतिक आरोग्य संघटनेचा घेतंय. फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, आणि चार्टमागचा सगळा डेटा डाउनलोड करता येतो.

देश निवडा, एकूण मृत्यू बघा किंवा दर दहा लाखांमागे बघा, सात दिवसांची सरासरी लावा. ही सरासरी लावाच, कारण शनिवार-रविवारी आकडे कमी यायचे आणि सोमवार-मंगळवारी तुंबलेले एकदम यायचे, व्हायरस काय वीकेंडला सुट्टी घेत नव्हता. मधेच एखादी भिंतीसारखी उभी रेघ दिसली तर घाबरू नका, कुठल्यातरी देशाने जुनी वही दुरुस्त केलेली असते. पेरूने 2021 च्या मे अखेरीस आपला आकडा 69,342 वरून एका झटक्यात 1,80,764 वर नेला. म्हणजे मेलेली माणसं आधीच मेलेली होती, फक्त कोविडच्या खात्यात नव्हती.

आणि या पेजची खरी कमाई इथेच आहे. अधिकृत मृत्यूंच्या शेजारी ते 'अतिरिक्त मृत्यू' पण दाखवतात, म्हणजे एरवी त्या काळात जेवढी माणसं दगावली असती त्यापेक्षा किती जास्त दगावली. यात टेस्टच न झालेले येतात, बेड न मिळाल्याने दुसऱ्याच आजाराने गेलेले येतात, आणि लॉकडाउनमुळे जे मृत्यू टळले ते वजा पण होतात, म्हणून तर न्यूझीलंडची 2020 ची रेघ चक्क शून्याच्या खाली दिसते. जगाच्या चार्टवर खाली अधिकृत मृत्यूंची रेघ, 70 लाखांच्या थोडी वर, आणि तिच्या कितीतरी वर इकॉनॉमिस्ट या ब्रिटिश साप्ताहिकाच्या अतिरिक्त मृत्यूंच्या मॉडेलची रेघ, अडीच कोटींच्या पुढे गेलेली, आणि तिच्या खाली-वर अंदाजाचा भला मोठा पट्टा. तो पट्टा बघून लोक म्हणतात 'यांनाच माहीत नाही', अरे बाबांनो, कित्येक देशांत मृत्यूची नीट नोंदच होत नाही, तिथे पट्टा मोठा असणं हाच प्रामाणिकपणा आहे. पट्टा न दाखवता एकच गोल आकडा देणारा जास्त संशयास्पद!

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब वेगळा, फक्त 2020 आणि 2021 या दोन वर्षांचा: 1 कोटी 49 लाख अतिरिक्त मृत्यू, आणि त्याच काळात अधिकृत आकडा साधारण 54 लाख. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. भारतासाठी तर त्यांनी 47 लाख धरले, सरकारी आकडा तेव्हा 4.8 लाखांच्या आसपास, आणि सरकारने मॉडेलच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला होता. कुठलं मॉडेल बरोबर यावर वाद घाला खुशाल, पण 70 लाख हा तळ आहे, एकूण नव्हे, एवढं तरी कळतं.

एक तारा कापतोय तो मृत्युदराच्या चार्टसाठी, म्हणजे सापडलेल्या केसेसपैकी किती गेले तो. खाली समजावून लिहिलंय त्यांनी, पण खालचं वाचतंय कोण. टेस्टिंग कमी झालं की केसेस कमी दिसतात आणि दर आपोआप फुगतो, मग तेवढाच फोटो कापून 'बघा व्हायरस परत घातक झाला' म्हणून फिरतो.

आता पुढे काय. त्यासाठी या पेजवर यायचं तर निराश व्हाल, अंदाज नाहीत, आणि मला ते योग्यच वाटतं. उजवीकडे रेघ जमिनीला टेकलेली दिसते ती अर्धी खरी, लस आणि होऊन गेलेल्या इन्फेक्शनमुळे मृत्यू खरंच खूप कमी झाले, पण अर्धी यासाठी की कळवणारे देशच कमी झाले. डिसेंबर 2023 मध्ये जेएन.1 हा ओमिक्रॉनचा उपप्रकार पसरत असताना जवळपास 10,000 मृत्यू नोंदले गेले, आणि ते सुद्धा 50 पेक्षा कमी देशांमधून. बाकीच्या देशांत कोणी गेलंच नाही असं थोडीच आहे! चार्टवर मात्र रिकामी जागा आणि शून्य लांबून सारखंच दिसतं.

5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपली असं जाहीर केलं, व्हायरस संपला असं नाही. मला वाटतं पुढची काही वर्षं हेच चालणार, ओमिक्रॉनच्याच वंशातला नवीन नावाचा नातू येणार, छोटी लाट येणार, म्हातारे आणि आधीच आजारी असलेले यांनाच जास्त फटका बसणार. फ्लूसारखा ठराविक सीझनही त्याने अजून नीट धरलेला नाही, उन्हाळ्यात पण लाटा आल्यात. एकदम वेगळाच व्हेरियंट यायची शक्यता शून्य नाही, ओमिक्रॉन पण डेल्टाच्या पोटातून आला नव्हता, वेगळ्याच फांदीवरून आला. म्हणून पुढचं बघायचं असेल तर मृत्यूंचा चार्ट सोडा, तो आठवड्यांनी मागे चालतो, सांडपाण्यातल्या व्हायरसचे आकडे जिथे मिळतात तिथे बघा, माणूस टेस्ट करो न करो, व्हायरस तिथे सापडतोच.

5 पैकी 4. मोबाईलवर बघणार असाल तर आडवा धरा, आणि एका वेळी तीन-चार देशांपेक्षा जास्त टाकू नका, रेघांची खिचडी होते.