कान अचूक मोजले, भाषा अर्धीच: एका कर्णनाद उपचार केंद्राचा अनुभव

वडिलांच्या दोन्ही कानांत गेली 4 वर्षे एक तीक्ष्ण आवाज अखंड येत आहे. स्थलांतर करून या देशात आल्यावर त्यांनी 22 वर्षे धातूचे पत्रे दाबण्याच्या यंत्रांवर काम केले. यंत्रे चालू होती तोवर हा आवाज त्यांना फारसा जाणवला नाही. निवृत्तीनंतर भोवती शांतता झाली तसा तो ठळक झाला. अखेर आमच्या डॉक्टरांनी एका श्रवणकेंद्राच्या कर्णनाद विभागाकडे पाठवले. तेथे गेल्या 5 महिन्यांत आम्ही 6 वेळा जाऊन आलो, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

सुरुवातच विचित्र झाली. ज्याला कमी ऐकू येते अशा माणसाला भेटीची वेळ फोनवरून कळवण्याची पद्धत कोणाला सुचली असेल, हे मला अजून उमगलेले नाही. वडिलांनी परक्या भाषेतला तो फोन घेतला, दोनदा ‘हो’ म्हटले आणि ठेवून दिला. पहिली भेट त्यातच बुडाली. लेखी संदेश पाठवण्याची विनंती नंतर तत्काळ मान्य झाली, पण ती आम्हाला करावी लागली.

प्रत्यक्ष भेटीत मात्र काम चोख होते. आवाज एकाच कानात येतो का, तो नाडीच्या ठोक्यांबरोबर येतो का, ऐकू येणे अचानक कमी झाले होते का, हे तीन प्रश्न सर्वांत आधी विचारले गेले, कारण यांपैकी कशाचेही उत्तर होकारार्थी असेल तर वेगळ्या आणि काही वेळा तातडीच्या तपासण्या लागतात. अचानक बहिरेपण आल्यास तर उपचार काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. त्यानंतर जुन्या औषधांची चौकशी झाली. क्षयरोगासाठी दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनी कानाला इजा होऊ शकते, आणि देश बदलताना तरुणपणीच्या आजारांचे कागद बहुधा मागेच राहतात. म्हणूनच श्रवणतज्ज्ञांनी कागद न मागता आठवणी विचारल्या, हे मला विशेष आवडले.

दुभाषी म्हणून बसायला मी तयार होते. श्रवणतज्ज्ञांनी नम्रपणे नकार दिला आणि व्हिडिओवरून एका मराठी दुभाषीबाईंना जोडून घेतले. त्या वेळी मला राग आला होता, हे कबूल करते. दुभाषीबाईंनी प्रथम ‘कर्णनाद’ हा शब्द वापरला. शब्द जुना आणि नेमका आहे, सुश्रुतसंहितेतील कानाच्या 28 रोगांत तो येतो. वडिलांनी मात्र ‘मला कसलाही नाद नाही’ असे ठामपणे सांगितले. मग ‘गुंजन’ हा शब्द पुढे आला, तेव्हा ते म्हणाले, ‘गुंजन भुंग्याचं असतं. हे पत्र्यावर करवत चालावी तसं आहे.’ श्रवणतज्ज्ञांनी हे वाक्य भाषांतरासह जसेच्या तसे नोंदवून घेतले आणि पुढच्या प्रत्येक भेटीत आवाजाचा उल्लेख ‘करवत’ असाच झाला.

नकाराचे खरे कारण प्रश्नावलीच्या वेळी कळले. कर्णनादाचा जगण्यावर किती परिणाम झाला आहे हे मोजण्यासाठी 1996 पासून 25 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रचारात आहे. तीत ‘हो’ला 4, ‘कधी कधी’ला 2 आणि ‘नाही’ला 0 गुण असतात. ती आम्ही घरी, माझ्या भाषांतराच्या आधारे, आधीच भरून नेली होती आणि बेरीज 34 आली होती. मला बाहेर बसवून दुभाषीबाईंच्या मदतीने तीच प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा ती 52 झाली. 34 गुण सौम्य त्रासाच्या पट्ट्यात मोडतात, 52 मध्यम त्रासाच्या. वडिलांच्या संमतीने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. निराशेविषयीचा प्रश्न मी ‘कंटाळा येतो का’ इतका सौम्य करून विचारला होता. आणि घरच्यांशी संबंधांवर ताण येतो का, याचे माझ्या तोंडावर ‘नाही’ असलेले उत्तर आत गेल्यावर ‘हो’ झाले होते. लेकीला दुभाषी करून चाललेल्या किती तपासण्यांत असे 18 गुण गळून पडत असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. एका भेटीत व्हिडिओ बंद पडल्यामुळे दुभाषीबाई केवळ फोनच्या स्पीकरवरून बोलल्या आणि चेहरा न दिसल्यामुळे वडिलांना निम्मेच समजले. अशी भेट पुढे ढकललेली बरी.

ध्वनिमापन, म्हणजे ऐकण्याची मुख्य चाचणी, 250 ते 8000 हर्ट्झपर्यंत झाले. आलेख 4000 हर्ट्झपाशी खोल खाली गेला होता आणि 8000ला थोडा वर आला होता. दीर्घकाळ गोंगाटात काम केलेल्यांच्या कानांत अशी खाच आढळते. त्यानंतरची शब्दांची चाचणी स्थानिक भाषेत होती. बंद खोलीत ऐकू येणारे एकेक शब्द वडिलांनी उच्चारायचे होते आणि त्यांतले जेमतेम निम्मे बरोबर आले. ज्या शब्दाशी आयुष्यात कधी गाठ पडली नाही, तो अर्धवट ऐकू आल्यावर उरलेला भाग मेंदू कशाने भरणार? सुदैवाने श्रवणतज्ज्ञांना हे ठाऊक होते. त्यांनी तो आकडा निर्णयातून वगळला आणि गोंगाटात अंक ओळखण्याची चाचणी घेतली. अंक तर कारखान्यात पहिल्याच आठवड्यात पाठ होतात. तीत वडिलांची अडचण खरी, पण पहिल्या चाचणीने भासवली तेवढी मोठी नाही, असे दिसले.

बाहेरचा आवाज लावून ‘करवती’ची तीव्रता जुळवून पाहिली तेव्हा ती जेमतेम ऐकू येण्याच्या पातळीहून काही डेसिबलच वर निघाली. ‘म्हणजे मी उगाच कुरकुरतोय?’ असे वडिलांनी दुखावून विचारले. मोजलेली तीव्रता आणि होणारा त्रास यांचा मेळ क्वचितच बसतो, हे त्यांना सावकाश, दोनदा समजावून सांगण्यात आले. कानातील खराब झालेल्या पेशींकडून संदेश कमी येऊ लागले की मेंदू आपल्याच यंत्रणेचा आवाज वाढवतो, हे प्रचलित स्पष्टीकरण त्यांना यंत्रांच्या भाषेत पटले.

श्रवणयंत्रे बसवताना कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष आवाज मोजला, याला पूर्ण गुण. यंत्राचा ध्वनी ठरवणारे सूत्र रुग्णाची भाषा स्वरभेदी (म्हणजे स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलणारी) आहे का, हेही विचारते, कारण चिनीसारख्या भाषांना खालच्या स्वरांत थोडी अधिक वाढ दिली जाते. ही सोय पाहून मी सुखावले होते. मात्र यंत्रातील बोलक्या सूचना मराठीत नव्हत्या, त्यामुळे त्या बंद करून नुसत्या टिकटिकीवर भागवले. सोबतचा पावसासारखा सौम्य आवाज ‘करवती’हून किंचित खालीच ठेवण्यास सांगितले आहे. नातेवाइकांनी सुचवलेल्या जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि जस्ताच्या गोळ्यांचा विषय, त्या सुचवू नयेत असे सांगणाऱ्या 2014च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला देऊन एका वाक्यात मिटवला गेला, आणि केंद्राने स्वतः काहीही विकण्याचा प्रयत्न केला नाही.

माझी खरी तक्रार यापुढची आहे. आवाज तसाच राहिला तरी त्याचा जाच कमी करण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा आकलन-वर्तन उपचारपद्धतीच्या, म्हणजे त्रासाविषयीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या, बाजूने आहे, आणि ती पद्धत संपूर्णपणे बोलण्यावर, लिहिण्यावर, मनातले नेमके शब्द सापडण्यावर उभी आहे. नेमकी तीच येथे केवळ स्थानिक भाषेतील संगणकीय अभ्यासक्रमाच्या रूपात, दुभाषीविना मिळते. तपासणीला दुभाषी आहे, यंत्र बसवायला आहे. जिथे शब्दच औषध आहेत, तिथे नाही. रोज रात्री मनात येणारे विचार परक्या भाषेत लिहून काढायला सांगितल्यावर वडिलांनी ‘झोप आली नाही’ एवढेच 3 आठवडे लिहिले आणि चौथ्या आठवड्यात अभ्यासक्रम सोडला. दुभाषीसह प्रत्यक्ष बैठका मिळाव्यात म्हणून आम्ही लेखी अर्ज केला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

वडील आता दिवसातून 8–9 तास यंत्रे लावतात आणि संध्याकाळी ‘करवत’ विसरायला होते, असे म्हणतात. प्रश्नावली पुढच्या महिन्यात पुन्हा भरायची आहे. केंद्राचा अभिप्रायाचा अर्जही स्थानिक भाषेतच होता. वडिलांनी सांगितले आणि मी लिहिले, या वेळी एकही शब्द सौम्य न करता: यंत्रे चांगली आहेत, फोन करू नका, आणि दुभाषीबाई पुन्हा त्याच द्या.